बोकड थरथरेना

रविवारी घरात थांबलं की पाहुणे येत, आणि पाहुण्यांच्या पाठोपाठ स्थळं येत. मी तेव्हा नेरूळला भावाकडे राहायचे. बेलापूरला एका कचेरीत कारकून होते आणि लग्नाचं म्हणतात ते वय कधीच मागे पडलं होतं. सोसायटीतल्या बायकांना याचं माझ्यापेक्षा जास्त टेन्शन. जिन्यात भेटल्या की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत आणि मग गळ्याकडे. मंगळसूत्र एखाद्या दिवशी आपसूक उगवेल अशी त्यांना आशा असावी. म्हणून रविवारी उजाडलं की मी पाठीला सॅक अडकवून घराबाहेर पडायचे. वहिनी विचारायची, "कोणाबरोबर?" मी म्हणायचे, "कोणाबरोबर नाही." यावर तिचा कधी विश्वास बसला नाही. माझं कुठेतरी सूत जुळलंय आणि तो माणूस मी डोंगरात लपवून ठेवलाय, असं तिने तिच्या माहेरी सांगून टाकलं होतं.

खरी गोष्ट एवढीच की मला माणसांचा कंटाळा यायचा. अजूनही येतो. आठवडाभर टेबलासमोर माणसं उभी, घरी आलं की दारात माणसं, गॅलरीत गेलं की समोरच्या गॅलरीत माणसं. रानात कोणी काही मागत नाही आणि कोणी काही विचारत नाही. निदान विचारणारे कमी भेटतात. पनवेलहून एसटी पकडायची, हायवेवर एखाद्या फाट्याला उतरायचं, कंडक्टरच्या नजरेकडे दुर्लक्ष करायचं आणि डोंगराच्या दिशेने चालू लागायचं, एवढाच माझा कार्यक्रम असे. त्या काळात बाई एकटी डोंगरात जाते म्हणजे एक तर ती पळून आलेली किंवा जीव द्यायला आलेली. तिसरं काही कोणाच्या डोक्यात येत नसे.

तो रविवार माघातला होता. थंडी सरत आलेली, उन्हाला धार यायची होती. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती आणि एकटीने चालायचं तर एवढा आवाज पुरेसा असतो. एक रानकोंबडा आडवा पळाला. वर कुठेतरी वानरं एकमेकांवर खेकसत होती. काटेसावरीला फुलं आली होती, पळसाला यायची होती. पहिला तासभर मला कोणी भेटलं नाही आणि मी इतकी खूश झाले की स्वतःशीच गुणगुणायला लागले.

मग गुरं राखणारा एक म्हातारा भेटला. एका खडकावर बसून तो विडी ओढत होता.

"वाट चुकलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग?"

"चालतेय."

"कुटं?"

"कुठं नाही."

त्याने बराच वेळ विचार केला. मग उठून, मला न विचारता, हायवेकडे जाणारी पायवाट बोटाने दाखवली आणि मी त्या वाटेला लागेपर्यंत उभा राहिला. त्याला दिसेनाशी झाल्यावर मी वळून परत डोंगराकडे निघाले.

दुपार व्हायच्या सुमाराला ओढा लागला. पाणी आटत चाललं होतं, पण एका डोहात अजून गुडघाभर होतं. मी बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. त्या दिवसाकडून मला आणखी काही नको होतं.

पहिला घास तोंडात होता तेवढ्यात वरून एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पोरवय संपलेली, पण बाई म्हणावं इतकी थोराड नाही. हिरवी नऊवारी आखूड नेसलेली, नाकात नवी कोरी नथ, कमरेवर रिकामा हंडा. मला बघून ती थबकली. आजूबाजूला कोणी पुरुष आहे का ते तिने नीट बघून घेतलं आणि मग घाईघाईने माझ्याजवळ येऊन बसली.

"बाय, तुज्याकं एकांदा जुना कपडा हाय का?"

"कसला कपडा?"

तिने स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. मला कळलं. सॅकमध्ये धुतलेला पंचा होता तो मी चाकूने उभा फाडला आणि तिला दिला. ती करवंदीच्या जाळीमागे गेली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, आणि मी काही विचारायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. मला वाटतं, बऱ्याच दिवसांत तिला कोणी परकं माणूस भेटलं नव्हतं. आपल्या माणसांना सांगता येत नाही ते परक्यापाशी पटकन बोललं जातं.

ती तळवलीची सून. आज सगळं घर टेम्पो करून इथे देवीला आलं होतं, नवस फेडायला. तिची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी सासूने या रानातल्या देवीला बोकड बोलला आणि वर एक अटही घातली, की नवस फिटेपर्यंत पोराने आणि त्याच्या आईने माहेरचा उंबरठा ओलांडायचा नाही. पोरगा जगला. आता रांगत होता. आणि तिकडे उरणच्या बाजूला तिचा बाप अंथरुणाला खिळला होता. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, आता पाणीदेखील गिळत नव्हता. त्याला नातू बघायचा होता.

"आज नवस फिटला का उद्या भाऊ येनार हाय मना न्यायला," ती म्हणाली. "आन आज सकालीच ह्ये जाला. सासूला कलला तं नवस पुढं जाईल. भगत बोलंल, शिमग्यानंतर बगू. माजा बापूस शिमग्यापरयंत नाय राहायचा."

"मग सांगू नकोस," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे?"

"देवीला कलंल ना."

"देवी बाईच आहे ना? तिला माहीत असतं हे सगळं."

ती हसली नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी फार धोक्याचं बोलले होते. मग म्हणाली, "कोनाला बोलू नको गो बाय." मी म्हटलं, मला कोण भेटणार आहे बोलायला. तिने हंडा भरला. तो डोक्यावर घ्यायला तिला जड जात होता, म्हणून मी एका बाजूने उचलून दिला. दरडीवर तिची थोरली जाऊ येऊन उभी राहिली होती. आमच्याकडे बघत होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

मी सुटले असं मला वाटलं, पण तसं व्हायचं नव्हतं. जावेने वर जाऊन सांगितलं असणार, कारण थोड्याच वेळात सासूचा थोरला मुलगा खाली आला. गळ्यात जाड साखळी, पांढरी पॅन्ट. नवसाच्या जेवणाला वाटेवरचं माणूस उपाशी गेलं तर नवस पावत नाही, म्हणून तुम्ही चला. मी म्हटलं, माझा डबा आहे. तो म्हणाला, डबा घरी खावा. मी म्हटलं, मला उशीर होतोय. तो म्हणाला, आमचा टेम्पो सोडेल ना तुम्हाला. असल्या प्रेमाशी भांडता येत नाही. मी बूट घातले आणि त्याच्यामागे गेले.

देवी म्हणजे एका जुन्या ऐनाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले काही दगड. वरच्या फांदीला घंटा, खाली प्लास्टिकची तोरणं. बाजूला दगडांची चूल मांडून भात चढवलेला होता. मसाल्याचा वास सुटला होता आणि वाटण तयार होतं. फक्त मटण अजून चार पायांवर उभं होतं. काळाभोर बोकड, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. ती माळ तो मान वळवून वळवून खात होता.

सासू झाडाखाली सतरंजीवर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. बुटकी, टणक, पांढऱ्या केसांत अबोलीचा गजरा. तिने माझी चौकशी केली. गाव, आडनाव, नवरा, पोरं, या क्रमाने. नवऱ्यापाशी आम्ही अडकलो.

"नाय म्हंजे? मेला?"

"केलाच नाही."

"कोनी पसंत नाय केली?"

"मीच नाही केलं कोणाला."

"आसा बोलतात सगल्या," म्हातारी म्हणाली आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एवढ्यासाठी मी नेरूळची सोसायटी सोडून डोंगर चढले होते.

मग भगत उठला. भगत म्हणजे गावात ज्याच्या अंगात येतं आणि जो देवीच्या वतीने बोलतो तो. एरवी तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात वॉचमन होता, भगतपण सुट्टीच्या दिवसापुरतं. त्याने बोकडाच्या पाठीवर हळदकुंकू टाकलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. शेजारी बसलेल्या एका बाईने माझ्या कानात सांगितलं की आता बोकड अंग थरथरवून झाडेल. झाडलं म्हणजे देवीने घेतला. मगच सुरी लावायची. नाही झाडलं तर घरात कोणाचं तरी काही चुकलेलं आहे, आणि ते बाहेर आल्याशिवाय कोणी सुरीला हात लावत नाही.

बोकडाने अंग झाडलं नाही. पाणी पोटावरून खाली ओघळलं आणि तो माळ खात राहिला.

भगताने पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा तेच. ऊन बऱ्यापैकी होतं, त्या जनावराला बहुतेक बरं वाटत असावं. भगत म्हणाला, "कोनाचा काय चुकला आसंल तं बोला. आय पदरात घेईल."

एकेक जण पुढे येऊन बोकडाच्या पाठीवर ओंजळभर पाणी सोडू लागला. थोरला मुलगा म्हणाला, "सकाली मी थोडीशी घेतली व्हती." माणसं हसली. त्याची बायको म्हणाली, "मसाल्यात मीठ बरोबर हाय का ते मी चाखून बगितला, निवेदाच्या आधी." म्हातारीने तिला चार शब्द सुनावले. मग धाकटा आला, पोराचा बाप. सडपातळ, नजर खाली. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं. म्हातारीने मान वर केली. त्याच्याकडे रोखून बघितलं. धाकट्याने पाणी सोडलं आणि पुटपुटला, "चुकला-माकला पदरात घे, आय." मी मनात म्हटलं, काय हा नेभळट नवरा मिळालाय बिचारीला.

बोकड हलला नाही.

आता हसणं बंद झालं. भाताखालचं लाकूड कोणीतरी मागे ओढलं. म्हातारी नातवाला घेऊन उठली, बायकांच्या समोर आली आणि म्हणाली, "तुमच्यात कोन भायेरची हाय?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"नाय बोलत? मंग या पोराच्या डोक्यावर हात ठेवा आन सांगा. येकेक जनी."

थोरल्या सुनेने हात ठेवला आणि शपथ घेतली. माझ्या शेजारच्या बाईने घेतली. आणखी दोघींनी घेतली. धाकटी सून रांगेच्या शेवटी उभी होती, हंड्यापाशी. मी तिच्याकडे बघत होते. ती पोराच्या टाळूकडे बघत होती. दोन बाळं पुरलेली आई. तिच्या जागी मी असते तर बिनदिक्कत खोटी शपथ घेतली असती, कारण माझा यातल्या कशावर विश्वास नाही. तिचा होता. हात ठेवला तर पोरगा मरेल असं तिला खरोखर वाटत होतं, आणि नाही ठेवला तर बाप नातवाला न बघता मरेल हे तिला माहीत होतं. तिचा ओठ थरथरत होता. बोकडाऐवजी तीच थरथरत होती, आणि ते कोणाला दिसत नव्हतं.

"मी आहे," मी म्हटलं.

सगळे वळले.

"मी आहे बाहेरची. मला तुमची पद्धत माहीत नव्हती."

खोटं बोलायला मला काही वाटलं नाही. उलट मनातून मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बिनलग्नाच्या, बिनकामाच्या अंगाचा कोणाला काही उपयोग होत होता.

म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. राग त्यानंतर आला. मग मात्र तिने काही बाकी ठेवलं नाही. नवरा नाय, पोर नाय, मंग देवीच्या दारात काय मरायला आयलीस. बापानं काय शिकवला नाय. रानात भटकतेस ती काय शोधायला, आमाला काय समजत नाय. शिकलेल्या बाया आशाच, लाज सोडलेल्या. बाकीच्या बायकांनीही हात धुऊन घेतले. मघाशी कानात प्रेमाने माहिती देणारी शेजारीण सर्वांत मोठ्याने ओरडत होती. हंड्यातलं पाणी कोणीतरी ओतून दिलं. मी बसले होते ती सतरंजी काठीने उचलून लांब फेकली. मी सॅक उचलली आणि झाडाच्या सावलीबाहेर जाऊन उभी राहिले. निघूनच जायचं, पण बोकड हलतो का ते मला बघायचं होतं.

भगताने गोमूत्र शिंपडलं. मग त्याने एक प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता असं नाही, पण तिथल्या कुठल्याही बाईला सुचला असता.

"ही कोना-कोनाला शिवली?"

बायका घाईघाईने मागे सरकल्या. आमाला नाय, आमाला नाय. थोरली जाऊ मात्र पुढे आली. "हिला शिवली," ती धाकटीकडे बोट करून म्हणाली. "ओढ्यावर हंडा उचलून दिला. मी वरशी बगितला."

म्हातारी वळली. पोरगा तोपर्यंत रडायला लागला होता, म्हणून मघाच्या गोंधळात तिने तो सुनेकडे दिला होता. सून त्याला खांद्याला धरून उभी होती.

"शिवली ही तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा पोराच्या डोक्यावर हात. तिच्या तोंडावरचा हिशेब मला स्पष्ट दिसला.

"शिवली," ती म्हणाली. "मी नको बोलली. तरी हिनं मुद्दाम हात लावला."

"ठेव त्याला खाली."

तिने पोराला खाली ठेवलं. वाळलेल्या पानांवर. तो रडत रडत तिच्याकडे रांगायला लागला तशी ती मागे सरकली, तो पुन्हा पुढे आला, ती पुन्हा मागे. भगताने त्याच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं तेव्हा तो घाबरून किंचाळला. घरातली इतकी माणसं उभी होती, पण विधी संपेपर्यंत त्याला कोणी उचललं नाही. मी एक पाऊल टाकलं तर थोरल्या मुलाने काठी आडवी धरली.

"आज नाय," भगत म्हणाला. "ज्या पोराचा नवस त्योच विटालला. शिमग्यानंतर दिस बगू."

आणि त्याच वेळी बोकडाने अंग झाडलं. कानापासून शेपटीपर्यंत, चांगलं जोरात, पाण्याचे शिंतोडे उडवत. सगळ्यांनी बघितलं. थोरला ओरडला, "हलला, हलला." भगताने मान हलवली. "आता हलून काय. विटालात हलला तो मोजत नाय."

त्यावर ती माझ्या अंगावर धावून आली. सासू नाही, सूनच. "तुज्यामुलं," ती ओरडत होती, "तुज्यामुलं गेला माजा दिस. कोन बोलावली व्हती तुला?" खाली वाकून तिने मातीचं ढेकूळ उचललं आणि मारलं. ते माझ्या कानशिलावर फुटलं. तोंडात माती गेली. तिचं बघून आणखी दोघींनी खडे मारले, पण त्यांचा नेम काही धड नव्हता. माझ्या जिभेवर एक वाक्य होतं, एकच, आणि ते बोलले असते तर तिचं काय झालं असतं हे तिलाही ठाऊक होतं. मी ते बोलणार नाही हेही तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिने इतक्या जोरात मारलं. मला तिचा भयंकर राग आला. आज एवढ्या वर्षांनीही आठवलं की येतो, आणि तिचा बिचारीचा काय दोष, वगैरे म्हणायला मी तयार नाही.

मी डोंगर उतरले. कान भणभणत होता. पक्षी, झाडं, काही दिसलं नाही. फाट्यावर एक चहाची टपरी होती. तिथे तोंड धुतलं आणि एसटीची वाट बघत बसले. थोड्या वेळाने मुरमाच्या रस्त्याने त्यांचा टेम्पो आला आणि टपरीपाशीच थांबला. पुरुष चहाला उतरले. म्हातारी पुढे केबिनमध्ये, नातू तिच्या मांडीवर झोपलेला. मागे भांडी, बायका आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून अंतर राखून, धाकटी सून आणि बोकड. तिने मला बघून तोंड फिरवलं.

मी गप्प बसायला हवं होतं असं माझा भाऊ नंतर म्हणाला. मला गप्प बसता येत नाही. मी उठले आणि सरळ केबिनच्या खिडकीशी गेले.

"आजी, मला काय बोलायचं ते बोललात, ठीक आहे. पण तिच्या बापाने काय केलंय तुमचं? तो तिकडे शेवटच्या घटका मोजतोय. उद्या तिचा भाऊ येईल तेव्हा तिला जाऊ द्या. नवसाचं काय ते शिमग्यानंतर बघा. उद्या तो मेला म्हणजे?"

म्हातारी दचकली नाही. तिने मागे वळून पाहिलं, मग मला बोटाने जवळ बोलावलं. विटाळाची आठवण तिला राहिली नसावी, कारण तिचं तोंड माझ्या अगदी जवळ आलं.

"हलू बोल," ती म्हणाली. "तिचा बापूस काल सकालीच गेला."

मला आधी नीट समजलंच नाही.

"तिला सांगितला आसता तं सुतक लागला आसता. माहेरचा सुतक तीन दिस. मंग आज नवस कसा फेडनार? म्हून कोनी बोललो नाय. आज फेडून रातीला सांगनार व्हतो."

"आणि तिकडे? तिचा भाऊ थांबला असेल ना तिच्यासाठी?"

"त्याचा निरोप आयलेला. आमी बोललो, ती तापानं पडली हाय, उठवत नाय. त्यांनी उरकला कालच." तिने नातवाच्या तोंडावरची माशी हाकलली. "मना काय बरा वाटतंय? पन दोन पोरं गेली माज्या दारातनं. माज्या हातानं मातीत ठेवली. हा तिसरा. मेलेल्यासाठी ह्याला मारू?"

म्हणजे बोकडावर पाणी सोडताना धाकट्याच्या तोंडात काय अडकलं होतं ते मला आता कळलं. आणि म्हातारीला तर बोकड का हलत नाही याचं कारण पहिल्यापासून माहीत होतं. तरी तिने बायकांना रांगेत उभं केलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

म्हातारीने नातवाचं डोकं मांडीवर नीट सरकवून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तू बोललीस, मी भायेरची हाय म्हून, तवा लय बरा वाटला मना. म्हंजे आमचा काय नव्हता. तुजाच व्हता."

मी खिडकीला धरून उभी राहिले.

तेवढ्यात मागून हाक आली. सुनेने बराच वेळ मनाशी जुळवाजुळव केलेली दिसत होती. ती गुडघ्यावर उभी राहून भांड्यांवरून पुढे वाकली होती. "आय, उद्या भाऊ येल. पोराला नाय नेत मी. नवस फिटल्याबिगर नाय नेत. मी एकलीच जातंय. बापसाला फकत बगून येतंय. जाऊ का गो, आय?"

नवरा चहाचा ग्लास हातात धरून रस्त्याच्या पलीकडे बघत होता. थोरली जाऊ भांड्यांची झाकणं उगाच सारखी करत होती. त्या टेम्पोत सगळ्यांना माहीत होतं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, "जा गो. जा उद्याला. चांगले चार दिस राहून ये."

तिचा त्यावर विश्वासच बसेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं, मग दोन्ही हात जोडून टेम्पोच्या फळीवर डोकं टेकवलं आणि तशीच थोडा वेळ राहिली. उठली तेव्हा हसत होती. त्या दिवसात मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. दात किंचित पुढे होते तिचे, हसल्यावर अगदी लहान दिसली.

पुरुष चढले. टेम्पो सुरू झाला. माझ्यासमोरून जाताना ती फळीवरून वाकली. मघाचा सगळा राग तिच्या तोंडावरून गेला होता.

"बाय, लागला तं नाय ना गो तुला जास्ती?"

मी म्हटलं, "नाही."

"उद्या जातंय मी," तिने मला ओरडून सांगितलं, आणि टेम्पो पनवेलच्या दिशेने गेला.